सलोमी अक्कांचं हसणं

जळगाव,
ता. ११ जुलै १९६६

सौ. सलोमी अक्का यांस धनकुंवरचा जय जिनेंद्र.

धुळ्याच्या दवाखान्यातून सुटून मला आज सतरा दिवस झाले. डॉक्टरसाहेबांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "आता घरी जा, गोळ्या मात्र चुकवू नका." पहिल्यांदा तुम्हाला सांगावंसं वाटलं. वळून पाहिलं तर शेजारच्या खाटेवर नवी बाई. तुम्ही महिनाभर आधीच सावळदऱ्याला गेलेल्या.

अक्का, नऊ महिने आपण शेजारी होतो. तुम्ही मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, बाळंतपणं करणाऱ्या. आणि आमच्यासारख्याच क्षयाने आडव्या झालेल्या. तरी सकाळी सुया टोचून झाल्या की तुम्ही उठून बसायच्या आणि साऱ्या वॉर्डाला विचारायच्या, "बोला, आज कशाचे आभार?" बारा बायकांनी एकेक गोष्ट सांगायचीच. असोद्याची ती पाटलीणबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. अकराव्या दिवशी ती म्हणाली, "आज वरणात मीठ होतं." काय हसलो होतो आपण! मला खोकला लागला आणि नर्स रागावली.

आता माझं ऐका. घरी मला वरच्या मजल्यावरची खोली दिली आहे. ताट, वाटी, लोटा वेगळा. जेवण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येतं. सासूबाई तोंडाने वाईट बोलत नाहीत. पण मंजूला वर येऊ देत नाहीत. मी गेले तेव्हा ती अडीच वर्षांची होती, आता साडेतीन. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "दादी, आ कुण है?" ही कोण आहे म्हणून! सासूबाई म्हणाल्या, "पाहुणी आहे."

ह्यांना काही म्हटलं तर हे खाली बघतात आणि दुकानात जातात.

मला इथे आभार मानायला काही सापडत नाही. तुमच्या पोटात ते हसू कुठून यायचं? तुमच्या प्रभूचं काही औषध असेल तर मलाही कळवा. मी जैनाची मुलगी. धर्म सोडणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण औषध कोणाच्याही हातचं घेते माणूस.

तुमची,
धनकुंवर


सावळदरा, तालुका शहादा,
ता. २ ऑगस्ट १९६६

प्रिय धनू,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझं पत्र पोस्टमनने सायकलवरूनच फेकलं, ते कोंबड्यांच्या खुराड्यात पडलं. म्हणून कोपऱ्यावर डाग आहे असं समज, मी रडले वगैरे काही नाही.

इथे माझं स्वागत लग्नासारखं झालं. हिलालने, आमच्या नवरोबाने, दवाखान्याला चुना लावून ठेवला होता. स्वतःच्या केसांनाही बराच लावला होता. आमची बिजलीबाई, माझ्या हाताखालची सुईण, वेशीपर्यंत सामोरी आली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण डोंगरातल्या पाच पाड्यांतलं कुठलं मूल कोणत्या वेळी झालं ते तिला पाठ आहे. मी बोलायला लागले की ती म्हणते, "बाई, तू काय वरडी ऱ्हायनी? मी काय बहिरी शे?" दवाखान्यात राहून माझा आवाज मोठा झालाय म्हणे. वॉर्डातल्या तुम्हा बारा जणींना हाका मारून झाला असेल!

तू औषध विचारलंस. धनू, ते हसू माझ्या पोटात मुळीच नव्हतं. मी ते रोज मागून आणत होते. सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा म्हणायची, प्रभू, आज माझ्याकडे काही नाही, तूच दे. आणि मग दिवसभर तो काय देतो ते बघत राहायची. आभार मानायचे तर आधी बघावं लागतं ना. त्या बघण्यातच निम्मं दुखणं विसरायला होतं. तुझ्या देवाधर्मात काही कमी आहे असं मी म्हणणार नाही. तुझ्या सासूबाई आठ-आठ दिवस नुसत्या पाण्यावर उपास करतात हे तूच सांगितलं होतंस. मी एक वेळ चुकवली तर हिलालला चावायला धावते.

आता नर्स म्हणून सांगते. एक, धुळ्याच्या डॉक्टरांना लिहून तुझ्या थुंकीत आता जंतू नाहीत असा कागद मागव आणि सासूबाईंना दाखव. दोन, मंजूला हाक मारू नकोस. जिन्याच्या वरच्या तोंडाशी बस आणि चिंध्यांची बाहुली शीव. सावकाश. एक हात झाला की थांब. लहान मूल अर्धी बाहुली सोडून जात नाही.

बाकी इथे सगळं उत्तम. तब्येत उत्तम, काम भरपूर, हिलाल तुला नमस्कार सांगतो.

प्रभूमध्ये तुझी,
सलोमी


जळगाव,
ता. १९ ऑक्टोबर १९६६

सौ. सलोमी अक्का यांस,

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. बाहुली शिवली. मंजू पहिल्या आठवड्यात पहिल्या पायरीवर उभी राहिली, दुसऱ्या आठवड्यात चौथ्या. काल सातव्या पायरीवर येऊन म्हणाली, "हिला डोळे कधी?" मी म्हटलं, "उद्या." तेवढ्यात खालून हाक आली आणि ती पळाली. आज दिवसभर जिन्याचं दार लावलेलं आहे.

धुळ्याचा कागदही आला. सासूबाईंनी ह्यांच्याकडून तो दोनदा वाचून घेतला आणि घडी करून देवघरात ठेवला. म्हणाल्या, "कागदाने रोग जात असता तर माणसं मेली नसती."

आणि आता ठरलं आहे की दिवाळी झाली की मी धरणगावला माहेरी जायचं. हवापालटाला. किती दिवस ते कोणी बोलत नाही. मंजू इथेच राहणार. हे नेहमीसारखे खाली बघत होते.

अक्का, रागावू नका, पण आज मला खरं बोलायचं आहे. तुमची पत्रं वाचून मला आधी बरं वाटतं आणि मग जास्त वाईट वाटतं. तुम्हाला सगळं परत मिळालं. नवऱ्याने चुना लावून वाट पाहिली, काम मिळालं, माणसं हात धरतात. तुमचं ताट कोणी वेगळं ठेवलं नाही. पोट भरलेल्या माणसाला आभार मानायला काय लागतं? मीही मानले असते. रोज सकाळी बघ म्हणता, काय बघू? लावलेलं दार बघू?

तुमच्यावर देवाची कृपा असेल. ती सगळ्यांवर सारखी नसते, एवढंच मला कळलं.

धनकुंवर


सावळदरा,
ता. ६ डिसेंबर १९६६

सौ. धनकुंवरताई यांना हिलाल पाडवी याचा नमस्कार.

तुम्ही मला दवाखान्यात दोन-तीनदा पाहिलं असेल, सलोमीला भेटायला यायचो तेव्हा. मी इथे कंपाउंडर आहे. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकभूल माफ करा. हे पत्र मी तिला न सांगता लिहितोय.

तुमचं ऑक्टोबरचं पत्र तिने वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाली, "धनू बरोबर बोलते, मी तिच्याशी खरं वागले नाही." उत्तर लिहायला बसली आणि कागद फाडला. पुन्हा बसली, पुन्हा फाडला.

ताई, सलोमीला ऐकू येत नाही.

दवाखान्यात त्या सुया चालू असतानाच तिच्या कानांत घुंई घुंई आवाज सुरू झाला होता. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, "ही सुई थांबवली तर छातीचा भरवसा नाही, चालू ठेवली तर कानांचा नाही. तुम्ही नर्स आहात, तुम्हीच सांगा." ती म्हणाली, "छाती वाचवा. मेलेल्या नर्सचे कान काय कामाचे?" आणि हसली. तुम्हाला बारा जणींना विचारायची ना, आभार कशाचे, तेव्हा उत्तरं ती तुमच्या ओठांवरून वाचायला शिकत होती. घरी आली तेव्हा थोडं यायचं. दसऱ्यापर्यंत तेही गेलं. मला आणि बिजलीबाईला कळलं होतं, पण तिने शपथ घातली होती. मिशनच्या कमिटीला कळलं तर काम जाईल, ही भीती.

आता गेल्या महिन्यातलं सांगतो. वरच्या पाड्यावर ठाकऱ्याची बायको चमेलीबाई अडली होती. सलोमी आणि बिजलीबाई सकाळी गेल्या. पोटावर नळी लावून बाळाच्या काळजाचे ठोके मोजायचे असतात. तिने नळी लावली. इकडे लावली, तिकडे लावली. काहीच नाही. तिला वाटलं आपल्या कानांचा दोष. मग वाटलं, नळीतून कानाला थोडा धक्का तरी जाणवतो, तोही नाही, नक्की मूल गेलं. तिने ठाकऱ्याला सांगितलं, "मूल गेलं आहे. आता बाईला वाचवू." चमेलीबाईच्या आईने रडायला सुरुवात केली.

दुपारी मूल झालं. सलोमीने ते मेलेलं समजून हातात घेतलं आणि बिजलीबाई ओरडली, "बाई, पोऱ्या रडी ऱ्हायना! जित्ता शे!" सलोमीला ते ऐकू आलं नाही. तिने बाळाचं उघडं तोंड पाहिलं, लाल जीभ पाहिली, तेव्हा कळलं. बिजलीबाई सांगते, बाई त्या तोंडाकडे बघत तशीच उभी राहिली, मीच पोर ओढून घेतलं.

पोर छान आहे. ठाकऱ्या कोंबडा घेऊन आला होता, त्याचा काही राग नाही. पण सलोमी घरी आली आणि मला म्हणाली, "ते पोर मी बाजूला ठेवून दिलं असतं, हिलाल." त्या दिवशी तिने कमिटीला राजीनामा लिहून पाठवला. तीन रविवार झाले, ती उपासनेला आलेली नाही. आमच्या प्रार्थनागृहात भजन तीच सुरू करते. आता मी सुरू करतो आणि लोक मध्येच थांबतात. जेवताना मी एकटाच आभार मानतो. लग्नाला बारा वर्षं झाली, एकदा आमचं तान्हं मूल गेलं तेव्हासुद्धा ती इतकी गप्प नव्हती.

मी काय करू ते कळत नाही. तुम्ही तिला लिहा. रागाचं लिहिलं तरी चालेल.

आपला,
हिलाल


जळगाव,
ता. ११ डिसेंबर १९६६

श्री. हिलालभाऊ यांना जय जिनेंद्र.

तुमचं पत्र काल मिळालं. मी अक्कांना काय काय लिहून बसले होते! ओठांवरून वाचत होत्या, आणि आम्हाला वाटायचं आमच्याकडे किती माया करून बघतात. मायाही होतीच म्हणा.

पत्र लिहून माझं भागणार नाही. काल संध्याकाळी मी जिना उतरून खाली आले. साडेपाच महिन्यांत पहिल्यांदा. हे हातपाय धूत होते. मी म्हटलं, "मला धरणगावला पाठवायचं दिवाळीपासून लांबतंय, ते नंतर बघा. आधी मला शहाद्याच्या बाजूला जायचं आहे. एका बाईंनी मला नऊ महिने हाताला धरून जगवलं, त्या पडल्या आहेत." सासूबाई म्हणाल्या, "एकटी?" मी म्हटलं, "एकटी."

हे टॉवेल हातात घेऊन उभे होते. आणि भाऊ, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंसमोर ह्यांचा आवाज ऐकला. म्हणाले, "मी जातो बरोबर."

शनिवारच्या पॅसेंजरने दोंडाईच्यापर्यंत येऊ, तिथून शहाद्याची एस.टी. शहाद्याला बैलगाडी पाठवता आली तर पाठवा. अक्कांना सांगू नका.

धनकुंवर


सावळदरा,
ता. १२ मार्च १९६७

प्रिय धनू,

प्रभूच्या नावाने सलाम. तू गेल्यापासून अडीच महिने मी हे पत्र लिहीन म्हणत होते. शेवट काय होतो ते बघून मग लिहावं, असं ठरवलं होतं.

त्या दिवशी तुला दारात पाहिलं तेव्हा मला आनंद झाला नाही, हे सांगून टाकते. लाज वाटली. ज्या माणसाला आपण हसून दाखवलेलं असतं, त्याने आपल्याला असं बघू नये वाटतं. तू शहाद्याहून विकत आणलेली पाटी पुढे केलीस आणि तिच्यावर लिहिलंस, "बोला, आज कशाचे आभार?" खरं सांगू? ती पाटी तुझ्या डोक्यात घालावी असं वाटलं. मी पुसून लिहिलं, "कशाचेच नाहीत." तू शांतपणे पुसलंस आणि लिहिलंस, "मी तीन गाड्या बदलून आले, बैलगाडीत दोनदा पडले. त्याचे तरी माना." वर तुझे नेमीचंद दाराशी उभे, अंगभर धूळ, कानात गवत! मला हसू आलं. आणि हसता हसता जे रडू आलं ते तू पाहिलंसच. महिनाभर मी रडले नव्हते. मला वाटत होतं, विश्वासाच्या माणसाने रडायचं नसतं.

धनू, मी तुला जे हसून लिहीत होते ना, त्यातलं निम्मं लपवणं होतं. प्रभूपासूनसुद्धा लपवत होते. त्याच्यापुढे रोज आभारांची थाळी सजवून न्यायची आणि जे दुखतंय ते पदराखाली ठेवायचं. तुम्ही दोघं गेल्यावर मी पहिल्यांदा त्याच्याशी भांडले. म्हटलं, कान परत दे. दिले नाहीत. म्हटलं, मग काम तरी काढून घेऊ नकोस. त्याचंही उत्तर आलं नाही. पण भांडल्यावर घर मोकळं झाल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मला भाकरीची चव लागली. महिन्याने लागली.

पुढचं ऐक. कमिटीने राजीनाम्यावर विचार करायला मिशनच्या डॉक्टरसाहेबांना इथे पाठवायचं ठरवलं. ते येईपर्यंत बायका थांबतात थोड्याच? जानेवारीत पुनाची सून आली, आठवा महिना. मी म्हटलं, "मी हात लावणार नाही, शहाद्याला जा." बिजलीबाईने माझ्या हातातून नळी घेतली. तिने ती कधी कानाला लावली नव्हती. पोरीच्या पोटावर लावली, कान टेकवला, डोळे मिटले. आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने माझ्या मनगटावर टकटक करायला लागली. टकटक, टकटक, टकटक. मला आधी कळेना. मग अंगावर काटा आला. ते बाळाचे ठोके होते, धनू! मी घड्याळ काढून मोजले, मिनिटाला एकशे अडतीस. बिजलीबाई मान वर करून हळूहळू, मला ओठ दिसतील असं म्हणाली, "तुना कान मी व्हसू." तुझे कान मी होईन म्हणून!

मग आम्ही दोघी शिकायला लागलो. येईल त्या बाईवर. ठोके मंदावले तर ती बोट जड टेकवते, चुकले तर थांबते. फेब्रुवारीत डॉक्टरसाहेब आले. तिघी बायका तपासल्या. त्यांनी स्वतः मोजून आकडा कागदावर लिहायचा, आम्ही आमचा लिहायचा. दोनदा तोच आकडा आला, तिसऱ्यांदा दोनाचा फरक. साहेबांनी पुन्हा मोजलं आणि आमचाच आकडा धरला. जाताना माझा राजीनामा माझ्या हातात दिला आणि पाटीवर लिहिलं, "याच्यामागे हिशेबाला जागा आहे, वापरा." दुसऱ्या दिवशी मी त्याच्यामागे औषधांची यादी केली. बिजलीबाईला आता मिशनतर्फे मदतनीस म्हणून नेमलं आहे.

मी म्हणते, प्रभूचं उत्तर बिजलीबाईच्या बोटातून आलं. बिजलीबाई म्हणते, बोट तिचं स्वतःचं आहे. आम्ही यावर भांडत नाही.

रविवारी पुन्हा भजन सुरू करते. सूर कुठे जातो मला माहीत नाही. हिलाल म्हणतो, बैल माना वर करतात. पण लोक आता मध्येच थांबत नाहीत.

तुझं काय झालं? धरणगाव? मंजू? सगळं लिही, आणि खरं लिही.

तुझी,
सलोमी


जळगाव,
ता. ३० जून १९६७

सौ. सलोमी अक्का यांस धनकुंवरचा जय जिनेंद्र.

धरणगावची गोष्ट मिटली. तुमच्याकडून परत येताना गाडीतच हे म्हणाले, "तू कुठे जायचं नाहीस." घरी येऊन आईंनाही तेच सांगितलं. तुमच्या अंगणात पाटी हातात घेऊन हसता-रडताना तुम्हाला पाहिलं, तेव्हापासून हे बदलले. मला विचारत होते, "इतकं होऊनही त्या बाई उठतात कशा?" मी म्हटलं, "मागून आणतात."

पण सासूबाईंचं तसं नव्हतं. त्या मला काही बोलल्या नाहीत, दारही लावलं नाही, पण मंजूला माझ्याजवळ बसू देत नव्हत्या. मी रोज बघत राहायचं ठरवलं होतं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. लावलेलं दार बघू का, असं मी तुम्हाला लिहिलं होतं ना? तर मी मंजूला मागे ओढणाऱ्या हाताकडे बघायला लागले. अक्का, तो हात लगेच तिच्या कपाळावर जायचा, ताप आहे का बघायला.

वैशाखात एका दुपारी त्या गहू निवडत होत्या. मी अंतरावर बसून तुमची सगळी हकीकत सांगितली. चमेलीबाईचं बाळ, तीन रविवार, बिजलीबाईचं बोट. त्यांनी विचारलं, "ती रडत नाही का?" मी म्हटलं, "रडतात. भांडतात. मग उठतात." बराच वेळ त्या खडे काढत राहिल्या. मग सुनेला मारतात ती हाक मारून म्हणाल्या, "बीनणी, माझी एक धाकटी बहीण होती. लाडकुंवर. आम्ही एकाच गोधडीत झोपायचो. तिला हाच रोग झाला. सोळाव्या वर्षी गेली. मी मारवाडात असताना रोज रात्री तिचा खोकला ऐकला आहे. तू खोकलीस की मला तो ऐकू येतो. माझा तुझ्यावर राग नाही. मला भीती वाटते."

अक्का, वर्षभर मी त्यांना मनात काय काय म्हटलं होतं! त्या मात्र रोज माझं ताट स्वतः घासत होत्या, मोलकरणीला हात लावू देत नव्हत्या, हे मी पाहिलंच नव्हतं.

मग मी हट्ट सोडला. म्हटलं, वर्षाचा फोटो जूनमध्ये आहे, तुम्ही माझ्याबरोबर धुळ्याला चला, डॉक्टरांना स्वतः विचारा. त्या आल्या. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बसल्या आणि पदराआडून एकच विचारलं, "नातीला हिने जवळ घेतलं तर?" डॉक्टर म्हणाले, "अहो, अजून घेतलं नाही? घ्या की!"

परवा दुपारी जिन्यात पावलं वाजली. मंजू. हातात तेलाची वाटी आणि फणी. म्हणाली, "दादी म्हणते, आज तुझ्याकडून वेणी घालून घे." माझ्याकडे पाठ करून बसली. अक्का, तिच्या मानेवर एक छोटा तीळ आहे, तो मी विसरले होते. मी वेणी घालत होते आणि ती सांगत होती, "दादी घट्ट घालते. तू सैल घालतेस. उद्यापासून तूच घाल."

त्या दिवशी मी तुमच्या प्रभूचे आभार मानले. माझ्या भगवंतांचे मानलेच होते. दोघांपैकी कोणाचं काम होतं ते त्यांनी आपसात बघावं.

तुमची,
धनकुंवर


जळगाव,
ता. १८ फेब्रुवारी १९६९

श्री. हिलालभाऊ यांना जय जिनेंद्र.

तुम्ही काळजीत असाल म्हणून आधी तेच लिहिते. गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

अक्का आणि बिजलीबाईंना इथे बोलवायचं माझ्या मनात होतं, पण तोंडातून काढायची हिंमत नव्हती. दुसऱ्या बाळंतपणाला तर सासूबाईंनी लेडी डॉक्टर ठरवून ठेवली होती. पण सातव्या महिन्यात त्या एकदम ह्यांना म्हणाल्या, "डॉक्टरीण येऊ दे. पण हिच्या जवळ ती सावळदऱ्याची बाई पाहिजे. ज्या बाईला ऐकू येत नसताना तिच्या हातून शंभर बाळं सुखरूप होतात, तिचा पायगुण मला माझ्या घरात हवा आहे." पायगुणाचं ऐकून अक्का काय हसल्या ते तुम्हाला त्या सांगतीलच.

बिजलीबाईंनी गाडी पहिल्यांदा पाहिली. दोंडाईच्याला आत चढेनात म्हणे. इथे मंजूने त्यांना मेहरूणचा तलाव दाखवला, तर म्हणाल्या, "एवढं पाणी, आनि एक बी डोंगर नही!"

मंगळवारी डॉक्टरीणबाई आल्या. बिजलीबाईंनी माझ्या पोटाला कान लावलेला, बोट अक्कांच्या मनगटावर, अक्कांची नजर घड्याळावर. डॉक्टरीणबाई आधी बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मी मोजायची गरज दिसत नाही." कळा वाढल्या तेव्हा अक्का माझ्याकडे वाकून मोठमोठ्याने गात होत्या. भाऊ, सूर खरंच कुठेही जातो. पण मी त्याला धरून राहिले.

मुलगी झाली म्हटल्यावर सासूबाई बाळाच्या तोंडावर वाकल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मंजूला बहीण झाली."

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते ते. अक्कांनी या शनिवारी निघायचं ठरवलं होतं, ते होणार नाही. रोज दुपारी सासूबाई अक्कांच्या शेजारी चटई टाकतात आणि बोलायला लागतात. मारवाडीत. लग्नाचं, प्रवासाचं, लाडकुंवरचं, जे आम्हा कोणाला चाळीस वर्षांत सांगितलं नाही ते सगळं. अक्का त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात, मान हलवतात, मध्येच हात धरतात. परवा तर दोघी मिळून रडल्या, आणि थोड्या वेळाने पोट धरून हसल्या.

मी अक्कांना पाटीवर लिहून विचारलं, "तुम्हाला यातलं काय कळतं?" त्या मोठ्याने म्हणाल्या, "मारवाडीचे ओठ मला वाचता येत नाहीत बाई! पण कुठे थांबायचं ते त्यांच्या डोळ्यांवरून कळतं."

मग मला राहवलं नाही. सासूबाईंना बाजूला नेऊन आठवण दिली, "आई, त्यांना एक अक्षर ऐकू येत नाही, आणि मारवाडी ओठांवरूनही कळत नाही." सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला माहीत आहे, बीनणी. पण ती उठून जात नाही."

तेव्हा भाऊ, आणखी आठ दिवस कोंबड्यांना तुम्हीच दाणे घाला. सासूबाईंचं अजून सांगून संपलेलं नाही.

तुमची बहीण,
धनकुंवर